मिश्रीच्या डबीतल्या गोळ्या

१

माझा नवरा सटवाजी म्हातारपणी बिघडला. दारू नाही, पत्ते नाहीत. गोड बोलायला लागला.

जन्मभर एसटी चालवली त्यानं. घरात बोलायचा तेसुद्धा हॉर्न दिल्यासारखं. बोरीच्या आमच्या घरात पाण्याचा तांब्या कधी स्वतःच्या हातानं भरून घेतला नाही. आणि आता रोज सकाळी उठून स्वतः चहा ठेवतो, कप माझ्या हातात देतो, समोर बसतो आणि शाळेत इन्स्पेक्टर आल्यासारखे प्रश्न विचारतो.

"सत्यशीले, आज वार कोणता?"

"तुमाला कुठं ड्युटीवर जायचंय? कोणता का आसंना."

"तरी सांग की."

"बेस्तरवार."

"काल भाजी कशाची केलती?"

"तुमच्या डोक्याची."

यावर माणसानं चिडावं की नाही? हा हसतो! डोळ्यात पाणी आणून हसतो. मला वाटलं, रिटायर माणूस, वेळ जात नाही, म्हणून माझं डोकं खातो. मी दुर्लक्ष केलं. माझ्यामागं त्याहून मोठं दुखणं होतं.

ते दुखणं सांगते. आधी सांगायची लाज वाटायची, आता नाही वाटत. वय झालं की लघवी बाईच्या ताब्यात राहत नाही. घाई अशी लागते की मोरीपर्यंत पाय पोचायच्या आत व्हायचं ते होऊन जातं. गावातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांना हे आहे, आणि कुणी कुणाला सांगत नाही. एसटीनं कुठं जायचं तर आदल्या दिवसापासून पाणी बंद. लेकीच्या घरी मुक्काम बंद. मी तर विहारात जायचंसुद्धा सोडलं.

पावसाळ्यात आमच्या विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन चालतं. बाया पांढऱ्या साड्या नेसून सतरंजीवर बसतात. पांढऱ्या साडीवर काही लपत नाही. वंदना घ्यायचा मान महिला मंडळात माझा. मी चार बुकंसुद्धा शिकले नाही, पण माझ्या आवाजात वंदना सुरू झाली की पोरंटोरं गप बसतात. तो मान मी गुडघ्याचं निमित्त करून सोडला. लोकांना वाटलं, म्हातारी कशावरून तरी रुसली.

शेवटी सटवाजीनंच हट्टानं परभणीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पांढऱ्या, बारीक, गोल गोळ्या लिहून दिल्या. म्हणाल्या, "आजी, पोटात लघवीची पिशवी असते. वयानं ती उगीचच आवळायला लागते. ही गोळी तिला शांत करते. तोंड कोरडं पडेल, पोट साफ व्हायला त्रास होईल. आणखी काही वेगळं वाटलं तर लगेच यायचं."

तोंड असं कोरडं पडलं की भाकरीचा घास पाण्याशिवाय खाली उतरेना. पण साडी कोरडी राहिली! मी पुन्हा विहारात गेले, पुढच्या ओळीत बसले. वर्षावासाच्या समारोपाला वंदना मीच घेणार, असं मंडळानं ठरवूनही टाकलं.

आणि मग पौर्णिमेला, भरल्या विहारात, वाचन रंगात आलेलं असताना, घाई लागली. उठायच्या आत झालं.

मी तशीच बसून राहिले. वाचन संपलं, बाया उठल्या, तरी बसून. शेजारची मालनबाई म्हणाली, "बाई, चला की घरी."

"तू हो पुढं. मी ध्यान करायले."

एकटी बसल्या बसल्या जिभेनं ओठ चाटला आणि दचकले. ओठ ओला होता. तोंडात पाणी होतं. गेले काही दिवस जेवताना तांब्या लागत नव्हता, हे तेव्हा ध्यानात आलं.

गोळी सकाळीच घेतली होती. मग तोंड ओलं कसं?

सकाळी मी गिळली ती माझी गोळी नव्हती.

२

माझी एक खोड सांगायला हवी, कारण चोराला वाट तिनंच करून दिली. दुकानातून गोळ्यांचं पाकीट आणलं की मी एकेक गोळी दाबून बाहेर काढायची आणि पाकीट चुलीत घालायची. का, तर पाकिटावर नाव असतं. नातवंडं ते नाव मोबाइलमध्ये टाकतात, आणि कुणाला कुठं काय गळतं ते सगळ्या घराला कळतं. म्हणून माझ्या गोळ्या मिश्रीच्या जुन्या डबीत सुट्या. डबी माझ्या ट्रंकेत, पांढऱ्या साड्यांच्या घडीखाली. ट्रंकेला कुलूप नाही. म्हातारीच्या ट्रंकेत कोण हात घालतो?

घरी येऊन डबी उघडली. गोळ्या पांढऱ्या, गोल. नेहमीसारख्याच. मी एक उचलून दारातल्या उजेडात धरली. कड एका बाजूला खरबरीत होती. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. सगळ्यांच्या कडा घासलेल्या. मोठी गोळी घेऊन, घासून घासून, कुणीतरी माझ्या गोळीएवढी बारीक केली होती.

जिभेवर ठेवली. माझी गोळी कडू असायची. ही खडूसारखी विरघळली.

मला राग येण्याआधी नवलच वाटलं. गोळ्या चोरायच्या तर चोर, डबी रिकामी कर, पळ. एकेक गोळी हातात धरून घासत बसणारा हा कोण कारागीर? माझ्यासाठी एवढी मेहनत घेणारा वैरी या गावात आहे तरी कोण?

डबीची गोष्ट तिघांनाच ठाऊक होती. एक सटवाजी. पण ज्यानं हाताला धरून दवाखान्यात नेलं, तो गोळ्या कशाला चोरील? त्याला मी बाजूला ठेवलं. दुसरी मालनबाई, जिला मी पिठाच्या गिरणीवर एकदा बोलण्याच्या ओघात ते सांगून गेले होते.

तिसरी माझी सून रोहिणी. पोरगा नोकरीला जालन्यात, सून इथं आमच्याजवळ, कारण ती गावची आशाताई आहे. घरोघर फिरते, बाळंतिणींना गोळ्या वाटते.

तिच्या गोळ्यांचा खोका आमच्याच माळ्यावर असतो.

३

"रोहिणी, इकडं ये. तोंड उघड."

"आत्याबाई, काय झालं?"

"तोंड उघड म्हणले ना. डॉक्टरच्या पुढं उघडतीस, सासूपुढं लाज वाटायली?"

मी तिच्या जिभेवर गोळी ठेवली. तिनं चघळली आणि म्हणाली, "कॅल्शियम हाय की हे. माझ्या खोक्यातलं. पर आमची गोळी याच्या दुप्पट आसती."

"माझ्या डबीत कशी आली?"

तिचा चेहरा पडला. चोराचा पडतो तसा नाही, हे मी तेव्हाच पाहिलं. पण सासूनं सुनेला इतक्या लवकर सोडायचं नसतं.

"मी न्हाई ठिवली, आत्याबाई. आन् खोका काय माझ्या एकटीच्या हातात हाय का? मालनमावशी नेती हाडासाठी. मामा नेतेत गुडघ्यासाठी. तुमी सोता शेजारच्या बाळंतिणीला काढून दिल्या."

"मी? कधी?"

"गेल्या महिन्यात. एकदम मूठभर दिल्या. मी घरी आले, म्हणून बरं झालं. परत मागून आणल्या."

"मी कशाला मूठभर देईन? मला काय येड लागलंय?"

रोहिणी काहीतरी बोलणार होती. ओठ उघडले होते. मग तिनं माझ्या मागं पाहिलं. दारात सटवाजी उभा होता, हातात चहाचा कप घेऊन.

"जाऊ द्या, आत्याबाई," ती म्हणाली. "माझ्या ध्यानात राहिलं नसंल नीट." आणि तोंड फिरवून भांडी घासायला बसली.

ही पोरगी माझ्याशी कधी खोटं बोलत नाही. आज बोलली. आणि मला सगळ्यात जास्त बोचलं ते हे, की ती माझी कीव करत होती.

४

आता माझ्या डोक्यानं काम सुरू केलं. बऱ्याच दिवसांनी असं चालायला लागलं होतं ते, धार लावून आणलेल्या विळ्यासारखं.

कुणी कुणाची गोळी का चोरतं? त्याला तेच दुखणं असतं आणि दवाखान्यात जायची लाज वाटते, म्हणून. मग चोर ती गोळी खाणार. आणि ती गोळी खाल्ली की काय होतं, ते मला कुणा डॉक्टरनं सांगायची गरज नव्हती. ते माझ्या जिभेनं भोगलं होतं. चोराचं तोंड कोरडं असणार!

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फुटाणे दळले. बारीक, कोरडं पीठ, वर चिमूटभर साखर. पाण्याची घागर आतल्या खोलीत नेऊन ठेवली. ओट्यावर तिघांना बसवलं आणि प्रत्येकाच्या तळहातावर मूठभर पीठ दिलं.

"हे काय नवीन?" सटवाजी म्हणाला.

"मंडळाच्या बायांनी सांगितलंय. ताकद येती. एका घासात खायचं, पाणी प्यायचं न्हाई."

सटवाजीनं तोंडात टाकलं, दोनदा गाल हलवले, गिळलं आणि आणखी मागितलं. रोहिणीनं खाल्लं, बोटं चाटली. मीसुद्धा एक घास घेतला, सुरळीत गेला. माझं तोंड ओलं झाल्याची तेवढी खात्री पटली.

मालनबाईनं घास घेतला. गाल फुगले. डोळे मोठे झाले. एकदा गिळायला गेली, जमेना. दुसऱ्यांदा जमेना. ठसका लागला आणि सगळं पीठ सटवाजीच्या धोतरावर उडालं.

"सापडली!" मी उठून उभी राहिले. "मालन, इतक्या वर्षांचा शेजार, आन् माझ्याच घरात चोरी?"

मालनबाईनं तोंडात बोटं घातली आणि वरची कवळी काढून माझ्या पुढ्यात धरली. कवळीला पीठ लिंपल्यासारखं चिकटलं होतं.

"कवळी हाय, बाई! कवळी! दात कवळीचे हायेत मला. तुमाला ठाव न्हाई का?"

रोहिणी पदर तोंडात कोंबून हसायला लागली. सटवाजी धोतर झटकत आत पळाला. मला ठाऊक होतं की तिला कवळी आहे. गेल्या दिवाळीला मीच तिच्याबरोबर दाताच्या दवाखान्यात गेले होते. मग आठवलं कसं नाही?

मालनबाई जायला निघाली तेव्हा दारात थांबली. आवाज खाली आणला.

"बाई, कशाची चोरी ते मी इचारत न्हाई. मला कळलं. ते दुखणं मलाबी हाय. तीन परकर घालते मी, उन्हाळ्यात सुदीक. तुमी विहारात पुढं बसायला लागलाव, तवा मला वाटलं, आता मीबी जाईन डॉक्टरकडं. सत्याबाईला लाज न्हाई तर मला कशाची? पर तुमच्या डबीला हात लावायची माझी छाती न्हाई. तुमी किती बोलताव, बाई."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला मी घरात बोलावलं, पाणी दिलं, आणि म्हटलं, "आपण दोघी जाऊ परभणीला." चोर पकडायला निघाले होते आणि एक सोबतीण मिळाली.

पण डोक्यातलं कोडं आणखी गुंतलं. कुणाचंच तोंड कोरडं नव्हतं. म्हणजे गोळ्या कुणी खात नव्हतं. कुणीतरी त्या नुसत्याच काढून घेतल्या होत्या. खायला नाही, विकायला नाही.

फक्त मी त्या खाऊ नयेत म्हणून.

मी भरल्या विहारात भिजावं, असं कुणाला वाटत होतं?

५

मी कुणाला न सांगता निघाले. डॉक्टरीणबाईंनाच घासलेली गोळी दाखवायची ठरवली. घरात सांगितलं, बाजारात जाते. परभणीच्या गाडीत पुढच्या बाकावर बसले, मागं वळून पाहिलं नाही. आदल्या दिवसापासून पाणी बंद होतंच.

बोरीहून परभणीला जाताना झरी लागते. स्टँडवर गाडी थांबली. मला लघवीला खाली उतरणं भागच होतं. येताना चहाच्या टपरीपाशी जरा टेकले. तिथला चहावाला चाळिशीचा असेल, कपाळावर गंध, खांद्यावर फडकं. मला पाहून त्याचा चेहरा उजळला.

"मावशी! बरं हाय का आता? सापडलं का भावाचं घर?"

"कोणत्या भावाचं?"

त्याचा हात किटलीवरच थांबला.

"न्हाई... काई न्हाई. माणूस चुकला माझा."

"माणूस चुकला तर नजर कामून चोरायलास? नाव काय तुझं?"

"बजरंग."

"बजरंग, मी माझ्या सुनेचं, शेजारणीचं तोंड उघडून बघितलंय. तुझंबी उघडीन. बोल."

माझ्या मागं गाडीनं हॉर्न दिला. मी उठले नाही. गाडी गेली.

६

बजरंग जे बोलला ते जसंच्या तसं सांगते.

"पावसाळ्याच्या सुरुवातीची गोष्ट हाय, मावशी. तुमी आन् ड्रायव्हरमामा परभणीहून यायलतात. गाडी हितं थांबली. तुमी उतरलाव आन् म्हणलाव, आलं पालम. भुजंगच्या घरी जायचंय. मी म्हणलं, मावशी, ही झरी हाय, पालम तिकडं लांब. तुमी माझ्यावरच खवळलाव."

माझं माहेर पालम. भुजंग माझा भाऊ. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली.

"मामा मागून पळत आले. तुमचा हात धरला. तुमी झटकला. म्हणलाव, कोण रे तू? परक्या बाईच्या अंगाला हात लावतूस?"

मला त्या दिवसातलं एवढंच आठवत होतं की मी घरी पडून आहे, कपाळावर ओलं फडकं आहे, आणि सटवाजी म्हणतोय, उकाड्यानं भोवळ आली तुला.

"मंग मामा काय म्हणले?"

"म्हणले, बाई, मी भुजंगचा दोस्त हाय. चला, घर दावतो. मंग गेलाव तुमी त्यांच्या मागं. साऱ्या गल्ल्या फिरवल्या त्यांनी तुमाला, तुमी दमूस्तोवर. मंग या बाकड्यावर बसून तुमी त्यांना तुमच्या मालकाची गाऱ्हाणी सांगितली."

"माझ्या मालकाची? त्यालाच?"

बजरंगनं मान खाली घातली. "म्हणलाव, जलमभर एक गोड शब्द बोलला न्हाई. नुसता हॉर्न वाजिवला. मामा 'हं, हं' करीत ऐकत होते. रडत होते, मावशी."

चहा गार झाला. मी एकेक गाठ सोडवत बसले. वार विचारणारा माणूस माझा वेळ खात नव्हता; माझं डोकं आज जागेवर आहे का, ते पाहत होता. रोहिणीनं ओठ मिटले ते दारातल्या सासऱ्याकडं पाहून. शेजारच्या बाळंतिणीला मूठभर गोळ्या मीच वाटल्या होत्या. मालनबाईची कवळी मीच विसरले होते. आमच्या घरातून गोळ्या नंतर हरवल्या. त्याआधी मीच हरवले होते, आणि सगळ्यांना ते ठाऊक होतं, मला सोडून.

आणि घासलेल्या कडा? माझ्या अंगाला अपाय होणार नाही अशी गोळी शोधायची, मला संशय येणार नाही एवढी बारीक करायची, सकाळी गोड बोलून हातात चहा द्यायचा. असं वैरी करत नाही.

पुढची गाडी आली. मागच्या दारातून एक म्हातारा उतरला आणि मला पाहून खांबाआड व्हायला गेला.

"या पुढं," मी ओरडले. "खांब बारीक हाय, तुमी न्हाई."

सटवाजी आला. धोतराला अजून पिठाचा डाग होता.

"पाठलाग करायलाव माझा?"

"पहिली गाडी चुकली गं. माझा जीव उडाला. म्हणलं, झरीला उतरली आसंल."

"कशानं घासल्या गोळ्या?"

तो म्हणाला, "काचपेपरनं. गोठ्यात बसून."

"डॉक्टरीणबाईला कामून न्हाई इचारलं?"

"आपल्या नागनाथ मेडिकलवाल्याला इचारलं. तो म्हणला, म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर या गोळ्या कदी कदी चढतेत, बाईंना दाखवा. पर बाईंनी तुला सांगितलं असतं, त्या दिवशी काय झालं ते. तू ऐकलं असतंस, आन् पुन्हा घराबाहेर पाऊल टाकलं नसतंस. मला ते नको हुतं. आन् गोळ्या बंद कर म्हणलो असतो, तर तू ऐकली असतीस? पुढच्या वळीत बसायला लागली हुतीस. किती खूश हुतीस, सत्यशीले." त्यानं नाक पुसलं. "पौर्णिमेला तू तिथंच बसून राहिलीस, तवा मी गड्यांच्या बाजूला बसून बघत हुतो. मला वाटलं, आपण लय मोठं पाप केलं."

बजरंगनं दुसरा चहा आणून ठेवला आणि पैसे घ्यायला तयार होईना.

७

डॉक्टरीणबाईंनी घासलेली गोळी हातात घेऊन फिरवली, सटवाजीकडं पाहिलं, आणि हसावं की रागवावं ते त्यांना कळेना.

"गोळी बंद झाली ते बरं झालं," त्या म्हणाल्या. "पण मला सांगायला हवं होतं, काका. आजी, त्या दिवसात दुसरं काही औषध घेतलं होतं?"

"सर्दीची गोळी घेत हुते. शिंक आली की भिजायचं, म्हणून."

"तेच. सर्दीच्या काही गोळ्या आणि ही गोळी एकाच वळणाच्या असतात. दोन्ही मिळून डोक्यावर चढल्या. या वयात असं होतं. वेड नाही हे, आजी. गोळी थांबली, डोकं परत आलं."

मी श्वास सोडला. किती दिवसांचा अडकला होता कुणास ठाऊक.

त्यांनी रक्तदाब मोजला. म्हणाल्या, आता दुसऱ्या जातीची गोळी आहे. ती वेगळ्या वाटेनं पिशवी सैल करते. तोंड सहसा कोरडं पडत नाही, डोक्यात धुकं येण्याची भीती कमी. पण तिनं रक्तदाब वाढू शकतो, म्हणून तो तपासत राहायचा. गोळी फोडायची नाही, चावायची नाही, अख्खी गिळायची. गुण यायला काही आठवडे लागतील. कुणाला चांगला येतो, कुणाला थोडाच. बरोबर खालचे स्नायू आवळायचा व्यायाम करायचा, तो त्यांनी शिकवला. तोही बसल्या जागी, कुणाला कळणारसुद्धा नाही असा.

"आणि गोळ्या पाकिटातच ठेवायच्या," त्या म्हणाल्या. "नाव वाचलं तर वाचू द्या."

मी मालनबाईसाठीसुद्धा वेळ मागून घेतली.

परभणीच्या स्टँडवर बोरीच्या गाडीला उशीर होता. बाकड्यावर मी बसले, शेजारी सटवाजी. त्याच्या तोंडावर ते भाव, जे पोराच्या तोंडावर निकालाच्या दिवशी असतात. समारोपाला मी जाणार का, हे त्याला विचारायचं होतं, आणि धीर होत नव्हता.

"जाणार," मी म्हटलं. "वंदना मीच घेणार. गुण आला तर कोरडी घेईन, न्हाई आला तर ओली घेईन. मालनला शेजारी उभी करणार. साडी धुता येती."

त्यानं मान डोलावली. हसायला लागला.

"हसू नगा. तुमचा निकाल लागायचाय अजून." मी पदर सारखा केला आणि त्याच्याकडं वळून बसले. आजूबाजूचे प्रवासी ऐकायला लागले, ऐकू देत.

"तुमी माझं डोकं वाचिवलं. ते मी साऱ्या गावात सांगंन, मोठ्या आवाजात सांगंन. पर मला न इचारता वाचिवलं, हा गुन्हा हाय. माझ्या अंगात काय चाललंय ते तुमाला ठाव, सुनेला ठाव, झरीच्या चहावाल्याला ठाव, आन् मलाच न्हाई? इतकी का मी परकी? साडी सांभाळायची का डोकं सांभाळायचं, ते मी ठरवीन. माझी साडी हाय, माझं डोकं हाय. आन् आता शिक्षा ऐका. आपलं वय झालं. गोळीनं न्हाई तर म्हातारपणानं, उद्या मी पुन्हा तुमाला इसरंन. तवा भुजंगचा दोस्त व्हायचं न्हाई. माझ्या समोर उभं ऱ्हायचं आन् म्हणायचं, बाई, मी तुझा नवरा हाय. मी म्हणंन, खोटं बोलतूस. शिव्या दीन. हात झटकीन. तरी जायचं न्हाई. मला पटूस्तोवर म्हणत ऱ्हायचं."